कडू शरद : मालवणी परडे आणि मराठी ऋतुवर्णन

मराठीत शरद ऋतूचे नाव निघाले की वाचकाची मान आपोआप वर जाते. धुतलेले आकाश, पिठूर चांदणे, कोजागिरीचे आटीव दूध, एवढ्या सामग्रीवर आपला शरद उभा आहे. ‘शारदीय’ हे विशेषण आपण रात्रीला लावतो, मैफलीला लावतो, नवरात्राला लावतो. दुधीच्या वेलाला किंवा खळ्यातल्या गवताला ते कोणी लावत नाही. वर्षा ऋतूचे तसे नाही. मराठी पाऊस आकाशातून निघून पागोळीपर्यंत, चिखलापर्यंत, छत्रीपर्यंत येतो. शरद मात्र वरच्या वर राहिला. तो जमिनीवर उतरतो तेव्हा काय होते, हे आपल्या ऋतुलेखनाने फारसे विचारलेले नाही.

हा प्रश्न विचारण्यासाठी सिंधुदुर्गाची किनारपट्टी, म्हणजे देवगड, मालवण, वेंगुर्ल्याचा मुलूख, सोयीची आहे. येथे बाग म्हणजे शोभेचा वाफा नव्हे. घरापुढे खळे असते, त्यात तुळस. मागीलदारी परडे असते. न्हाणीच्या पाण्यावर पोसलेली अळवाची, हळदीची, केळीची जागा. परड्याच्या गडग्यापलीकडे भाताचे कुणगे, आणि त्याही वर कातळाचा उघडा सडा. या चार पायऱ्या मिळून एका घराचे हिरवे जग होते. भाद्रपदाच्या उतरणीपासून कार्तिकापर्यंत या जगात जे घडते त्याची नोंद येथल्या माणसांनी फार बारकाईने ठेवलेली आहे. ती कागदावर नाही, एवढेच. ती दाराला बांधलेली असते, गणपतीवर टांगलेली असते, पायाखाली फोडलेली असते आणि काही वेळा घोटभर प्यायलेली असते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की ही नोंद म्हणजे एक ऋतुवर्णनच आहे. आणि मराठी समीक्षेने ‘कोकणचे निसर्गसौंदर्य’ या ठोकळ शब्दाच्या जागी ही नोंद कसोटी म्हणून वापरली, तर आपले ऋतुलेखन आपल्याला वेगळे दिसू लागेल.

१

आपल्या शरदाची वंशावळ संस्कृतात आहे. कालिदासाच्या नावावर असलेल्या ‘ऋतुसंहारा’चा तिसरा सर्ग शरदाचा. त्यात हा ऋतू नववधूसारखा येतो आणि कवी त्याचा एकच रंग पाहतो, पांढरा. काशाच्या तुऱ्यांनी भूमी, चंद्राने रात्री, हंसांनी नद्यांचे पाणी, कुमुदांनी तळी, फुलांनी लवलेल्या सप्तच्छदांनी रानाच्या कडा आणि मालतीने उपवने पांढरी झाली, अशी ती मांडणी आहे. वनस्पती येथे आहेत, पण त्या एका रंगाच्या सेवेत आहेत.

‘ज्ञानेश्वरी’च्या पहिल्याच अध्यायात शरदाच्या चांदण्यातील अमृतकण वेचणारी चकोराची पिले येतात. कथा किती हळुवार मनाने ऐकावी हे सांगण्यासाठी तो दृष्टांत आहे. म्हणजे इ. स. १२९०च्या सुमारास मराठीत शरद आला तो श्रवणाची उपमा होऊन आला. त्या उपमेचे मोल कमी करण्याचे कारण नाही. पण एवढा समर्थ दृष्टांत भाषेच्या उंबऱ्यावरच मिळाला की पुढचे कवी त्याच दाराने आत-बाहेर करतात. चांदणे हा शरदाचा पर्यायशब्द होऊन बसतो.

संस्कृत परंपरा मात्र आपण समजतो तेवढी एकरंगी नव्हती. ‘रघुवंशा’च्या चौथ्या सर्गात रघूच्या दिग्विजयाआधी शरद येतो. तेथे उसाच्या सावलीत बसून भाताची राखण करणाऱ्या बायका रघूचे यश गातात. पिकलेले भात, त्यावर उतरणारी पाखरे आणि ती हाकणाऱ्या बायका हे सारे त्या एका चित्रात गृहीत आहे. त्याच सर्गात सप्तपर्णाच्या फुलांच्या उग्र वासाने रघूचे हत्ती चिडतात, कारण तो वास त्यांना दुसऱ्या हत्तीच्या मदासारखा वाटतो. शरदाला येथे श्रम आहे आणि वासही आहे. मराठीने या वारशातून निवड केली. चंद्र घेतला, भात राखणारी बाई आणि नाकाला झोंबणारे झाड मागे ठेवले. दोष पूर्वसूरींचा नाही, आपल्या निवडीचा आहे.

दुसरा घोळ इंग्रजी शिक्षणाने घातला. ‘ऑटम’चा प्रतिशब्द म्हणून शाळेत ‘शरद’ शिकवला गेला आणि त्यासोबत पानगळीचे चित्र चिकटले. कोकणात आश्विनात पानगळ नसते. येथली पानझडी झाडे उघडी पडतात ती पुढे, थंडी सरताना. आश्विनात आंब्याला उलट तांबूस पालवी फुटू शकते, आणि पाऊस लांबून ती पालवी जास्त आली की बागायतदाराच्या कपाळावर आठी पडते, कारण पालवी आली की मोहोर पुढे जातो. गंमत अशी, की ज्या कवितेमुळे इंग्रजी ‘ऑटम’ आपल्याकडे प्रतिष्ठित झाला ती कीट्सची १८१९मधली कविता पानगळीची नाहीच. ती भरलेल्या फळांची, अर्धवट कापलेल्या सरीची, मळणीच्या कोठाराची आणि सफरचंदाच्या घाणीतून गळणाऱ्या रसाची कविता आहे. कापणीचा घाम तिच्यात आहे. आपल्या चांदण्यापेक्षा ती मालवणच्या खळ्याला जवळची आहे.

२

आता खळ्याकडे आणि परड्याकडे वळू. शास्त्राप्रमाणे भाद्रपद हा वर्षा ऋतूचा महिना आणि शरद म्हणजे आश्विन-कार्तिक. किनाऱ्यावरचा शरद मात्र भाद्रपदातच, गणेशचतुर्थीला, पहिली हजेरी लावतो. त्याचे पहिले पान म्हणजे माटवी. गोव्यात हिला माटोळी म्हणतात. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परड्यातली फळे, फुले, पाने बांधतात. आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीची शिपटी, परड्यातली तवशी, दोडकी आणि चिबूड असतात. त्यांच्या बरोबरीने सड्यावरची पिवळी हरणाची फुले, कांगल्यांचे घोस, शेरवाडाची पांढरी पाने, तेरडा आणि लालभडक कवंडळे असतात. गावागणिक यादी बदलते, पण तत्त्व एक आहे : त्या आठवड्यात आवारात आणि रानात जे तयार झाले असेल ते एका चौकटीत यावे. माटवी वाचता येणाऱ्याला पाऊस यंदा लवकर ओसरला की रेंगाळला हे तिच्यावरून कळते. कवंडळ हिरवे असेल तर एक अर्थ, तांबडे असेल तर दुसरा.

या यादीत एक गोष्ट समीक्षकाने हेरण्यासारखी आहे. खाण्याच्या वस्तू आणि न खाण्याच्या वस्तू तेथे एका दोरीला असतात. तवशी खायची; कवंडळ बाहेरून देखणे आणि आतून कडूजहर. तेरड्याला तर भाषेनेच नावे ठेवली आहेत, त्याचा रंग तीन दिवसांचा. तरीही याच तेरड्याची रोपे मुळांसकट आणून कोकणात कित्येक घरी गौर म्हणून बसवतात. उपयोग आणि सौंदर्य यांची आपण लेखनात जी फारकत करतो ती माटवीला ठाऊक नाही.

दुसरे पान आश्विन पौर्णिमेचे. उरलेला महाराष्ट्र तिला कोजागिरी म्हणतो, कोकणात ती नवान्न पौर्णिमाही आहे. भाताची लोंबी, वरी-नाचणीची कणसे, कुरडूचा गुलाबी-रुपेरी तुरा आणि आंब्याचे पान एकत्र धरून दोऱ्याने बांधतात आणि ते ‘नवे’ दाराला, देवाला, तुळशीला, अवजारांना लावतात. कुठे हा विधी दसऱ्याच्या आसपास होतो, कुठे पौर्णिमेला. त्यातले भात कुणग्यातले, वरी-नाचणी उतारावरच्या वरकस जमिनीतली, आणि कुरडू तर त्या वरकसातले तण. पावसाच्या सुरुवातीला त्याचा कोवळा पाला भाजीसाठी खुडला जातो, मग ते पिकात माजते आणि बेणणीत उपटले जाते. आणि वर्षाच्या अखेरीस धान्याशेजारी त्याला मानाची जागा मिळते. त्याच रात्री बाकीचा मराठी मुलूख दुधात चंद्र पाहत असतो. एकाच तिथीचे हे दोन पाठ आहेत. साहित्याने एकच घेतला.

तिसरे पान नरकचतुर्दशीचे. पहाटे तुळशीपुढे कारीट पायाने फोडायचे आणि त्याचा कडू रस जिभेला लावायचा. कारीट हे काकडीच्या कुळातले, कडेकपारीला वेलावर येणारे लहानसे फळ. एरवी त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. त्याला वर्षातून एक पहाट मिळते. कथा नरकासुराची सांगतात, पण क्रिया ऋतूची आहे. त्या दिवसासाठी घरातल्या कोणालातरी आधी चार दिवस गडग्यांच्या कडेने हिंडून वेल शोधावा लागतो. मग फराळ, आणि त्यात मानाचे पोहे, नव्या भाताचे. अशा रीतीने कडू आधी आणि गोड मागून, या क्रमाने दिवाळी तोंडात येते.

या तिन्ही पानांच्या मागे कामाची एक सलग ओळ आहे. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास कापणीला येते, गरवे त्यानंतर. पावसाळाभर शेवाळलेले, तण माजलेले खळे तासून, चोपून, शेणाने सारवून नवे करायचे असते, कारण मळणी तेथेच आणि तुळशीचे लग्नही तेथेच. कुणगे रिकामे झाले की उरल्या ओलीवर कुळीथ पडतो. विहिरीजवळ लाल माठाचे आणि मुळ्याचे वाफे होतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात शेपटी हलवत येणारा धोबी पक्षी याच उघड्या जमिनीवर चरतो. ऋतू पालटला हे येथे कोणी वर पाहून ठरवत नाही. पायाखाली चिखलाची माती झाली, की ठरते.

३

या सगळ्यात एक झाड असे आहे की ते दोन्ही परंपरांत उभे आहे. संस्कृतातला सप्तपर्ण म्हणजे आपली सातवीण, मालवणी तोंडात सातीण. एका पेराला चक्राकार, बहुधा सात पाने. आश्विन-कार्तिकात हिरवट पांढऱ्या फुलांचे गेंद येतात आणि रात्री त्यांचा वास वाडीभर पसरतो. तो कोणाला गोड वाटतो, कोणाला डोके धरायला लावतो. या झाडावर भुते राहतात अशी समजूत आहे आणि त्यामागे हा रात्रीचा वास असावा असे वाटते. रघूच्या हत्तींना चिडवणारा वास तो हाच.

पण येथील घरांना सातवीण वासापेक्षा सालीमुळे अधिक माहीत आहे. दिवाळीच्या पहाटे कारीट फोडून झाल्यावर सातविणीच्या सालीचा कडू रस घोटभर पिण्याची चाल या भागात कित्येक घरांनी पाळली आहे. या सालीला देशी वैद्यकात तापावरच्या औषधाचे स्थान आहे. पाऊस सरल्यावर हिवतापाचे दिवस येतात, हे ध्यानात घेतले की या घोटाची वेळ आंधळी वाटत नाही.

या झाडाचे लिखित चरित्रही पाहण्यासारखे आहे. कोचीचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान र्‍हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्टुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला; तो १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या पहिल्याच खंडात हे झाड ‘पाला’ या मल्याळम नावाने आले आहे. या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोकणी वैद्य सहभागी होते. त्यांचे नागरी लिपीतले कोकणी प्रशस्तिपत्र ग्रंथात छापलेले आहे आणि चित्रांवर वनस्पतींची नागरी नावे कोरलेली आहेत. पुढे १७६७मध्ये लिनेयसने या झाडाला ‘स्कोलारिस’ हे विशेषण दिले. याचे हलके लाकूड मुलांच्या लिहिण्याच्या पाट्यांसाठी वापरत, म्हणून ते ‘शाळेचे’ झाड. एडिंबराचे प्राध्यापक चार्ल्स अल्स्टन यांच्या नावावरून ‘अल्स्टोनिया’ हे कुळनाम त्याला नंतर मिळाले.

म्हणजे या एका झाडाकडे कवी वासासाठी गेले, वैद्य सालीसाठी, शाळामास्तर लाकडासाठी आणि माळीण पहाटेच्या घोटासाठी. प्रत्येकाची नोंद खरी आहे. आपल्या ऋतुवर्णनात यातली किती नोंद उतरली, हा प्रश्न त्यामुळे वाजवी ठरतो.

४

मराठी ऋतुलेखनाचा विचार दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’ला (१९५६) वगळून होत नाही. या पुस्तकाच्या भाषेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. त्याच्या रचनेकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. दुर्गाबाईंनी सहा ऋतूंची संस्कृत चौकट सोडून चैत्रापासून बारा महिन्यांचे बारा लेख लिहिले. हा बदल दिसतो त्यापेक्षा मोठा आहे. ऋतू हे काव्यशास्त्राचे माप आहे. महिना हे पंचांगाचे, सणाचे, शेताचे माप आहे. महिना घेतल्याबरोबर भाद्रपद आणि आश्विन वेगळे पडतात, आणि ‘वर्षा’ व ‘शरद’ या दोन खोक्यांमधली जी फट परड्यात दिसते ती लेखनातही दिसण्याची शक्यता निर्माण होते. दुर्गाबाई लोकसाहित्याच्या अभ्यासक होत्या, त्यामुळे ही निवड योगायोगाची मानण्याचे कारण नाही.

तरीही ‘ऋतुचक्रा’तली नजर हिंडणाऱ्याची, पाहणाऱ्याची आहे. पाने, ढग, रंग, पाणी यांच्यावर ती थबकते, स्मरणात मुरते आणि वाक्यात उतरते. झाडाला हात घालून काही काढून घेणे, बांधणे, फोडणे हा त्या निबंधांचा स्वभाव नाही. ललित निबंधाची ती मर्यादाही आहे आणि शिस्तही. अडचण पुढे झाली. ‘ऋतुचक्रा’नंतर आलेल्या कितीतरी निसर्गपर ललित लेखांनी त्याचे पाहणे उचलले आणि त्यामागचे लोकजीवनाचे ज्ञान सोडून दिले. मग उरते ते विशेषणांचे चांदणे. दिवाळी अंकांच्या वाचकाला त्याचा परिचय करून देण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण याच मातीतले आहे. चिं. त्र्यं. खानोलकरांचा (१९३०–१९७६) उल्लेख कोकणच्या निसर्गाचा लेखक म्हणून सर्रास होतो. पण त्यांच्याकडे ‘निसर्गवर्णन’ शोधणारा वाचक रिकाम्या हाताने परततो. ‘रात्र काळी, घागर काळी’ (१९६२) किंवा ‘चानी’ (१९७०) यांत झाडे, पाणी, अंधार ही पात्रांच्या मागे लावलेली पडद्यावरची चित्रे नाहीत. ‘कोंडुरा’ (१९६६) या कादंबरीचे नाव वेंगुर्ल्याकडच्या किनाऱ्यावरच्या ठिकाणाचे. तिच्या कथानकाचा सांधा काय आहे? अलौकिक कोंडुऱ्याकडून नायकाच्या हाती आलेली एक मुळी. गर्भ पाडण्याची शक्ती असलेली. वनस्पती येथे हातात येते, दिली जाते, पोटात जाते आणि माणसाला पापपुण्याच्या पेचात अडकवते. ती दिसते कशी याला कादंबरीत काडीचेही महत्त्व नाही. सातविणीच्या घोटाशी या मुळीचे नाते जवळचे आहे. दोन्हीकडे झाड म्हणजे शक्ती आहे आणि तिला तोंड द्यावे लागते. खानोलकरांना ‘गूढ’ म्हणून बाजूला ठेवणाऱ्या समीक्षेने हे पाहिलेले नाही, की त्यांचे गूढ मागीलदाराच्या व्यवहाराला लागून आहे. परड्यातल्या वनस्पतीशी असलेला जुना, भीतीचा आणि गरजेचा संबंध मराठीत कोणी टिकवला असेल तर तो खानोलकरांनी.

या दोन टोकांच्या मध्ये एक जागा रिकामी आहे. जपानी काव्यपरंपरेत ‘साइजिकी’ नावाचे ऋतुकोश असतात. त्यांत प्रत्येक ऋतूचे शब्द आकाश, भूमी, माणसांचे व्यवहार, सण, प्राणी, वनस्पती अशा गटांत लावलेले असतात आणि हायकू लिहिणारा त्यांच्या आधाराने लिहितो. शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला आणि रुजवला. काव्यप्रकार आला, ऋतुशब्दांचा कोश सोबत आला असे दिसत नाही. तो परका आणण्याचीही गरज नव्हती. माटवी, नवे आणि कारीट यांची यादी हा मालवणी किनाऱ्याचा साइजिकीच आहे, फक्त त्याचे शब्द दोरीला बांधलेले आहेत.

५

या मांडणीवर दोन आक्षेप येतील आणि दोन्ही विचारात घेण्याजोगे आहेत.

पहिला असा, की विधीला ऋतुवर्णन म्हणणे म्हणजे परंपरेचे भाबडे गुणगान. विधी निवडक असतो हे खरेच आहे. सड्यावर भाद्रपदात कीटक खाणारी सीतेची आसवे निळ्या-जांभळ्या रंगाने पसरतात. माटवीत त्यांना जागा नाही. शिवाय परडे सगळ्यांच्या घरामागे नव्हते. जमीन कोणाची, सड्यावर चढून कवंडळे आणणारे पाय कोणाचे, शेण काढून खळे सारवणारे हात कोणाचे, याची नोंद माटवी ठेवत नाही. तालुक्याच्या बाजारात चतुर्थीच्या आदल्या दिवशी माटवीचे सामान जुड्या करून विकायला बसतात त्या बहुतेक बायका असतात आणि जुडीतल्या प्रत्येक काडीचे नाव त्यांना येत असते. घेणाऱ्याला ते येतेच असे नाही. म्हणून ही यादी वाचायची ती तिच्या गाळलेल्या जागांसह. पण हाच नियम चांदण्याच्या कवितेला लावला, तर तिच्या गाळलेल्या जागा किती तरी जास्त भरतील.

दुसरा आक्षेप असा, की लेखकाने वनस्पतिशास्त्रज्ञ व्हावे ही अपेक्षा चुकीची. अर्थातच चुकीची. वनस्पतिशास्त्राने आपले काम केलेही आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात निघाला आणि त्यात स्थानिक नावेही नोंदली गेली. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१मध्ये झाल्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने बी. जी. कुलकर्णी यांचा या जिल्ह्याच्या वनस्पतींवरचा स्वतंत्र ग्रंथ १९८८मध्ये काढला. लेखकाकडून मागणे ते नाही. त्याच्या पानावर आलेले झाड कोणाच्या तरी हाताखालचे असावे, एवढेच मागणे आहे. ‘रानफुले’ असे लिहिणारा लेखक आणि ‘हरणे’ असे लिहिणारा लेखक यांच्यात फरक माहितीचा आहे तसाच नात्याचाही आहे. हरण म्हटले की सडा आला, चतुर्थी आली, ते खुडायला गेलेले पोर आले. ‘रानफुले’ या शब्दात फक्त बघणारा येतो.

या फरकाला आज निकड आली आहे. २०१९च्या दिवाळीत अरबी समुद्रात ‘क्यार’ चक्रीवादळ होते. ज्या आठवड्यात साहित्याच्या हिशेबाने आकाश निरभ्र असायला हवे होते त्या आठवड्यात कोकणात पाऊस कोसळला, कापणीला आलेले भात आडवे झाले, लोंब्यांना जागच्या जागी कोंब फुटले. परतीच्या पावसाची ही धास्ती किनाऱ्याला नवी नाही, पण ती आता वरचेवर खरी ठरू लागली आहे. अशा वर्षी निरभ्र शरदाच्या ओळी वाचताना त्या सुंदर वाटतात आणि निरुपयोगीही वाटतात. कोंब फुटलेली लोंबी ‘नव्या’त बांधायची की नाही, असा प्रश्न ज्या घरात पडला असेल त्या घराच्या शरदाला मराठीत अजून ओळ नाही.

दुसरीकडे, यादी ज्या जमिनीवर उगवते ती जमीन बदलते आहे. सड्यांवर चिऱ्याच्या खाणी आणि आंबा-काजूच्या बागा आल्या. वरकसातली वरी-नाचणी मागे पडली आणि तिच्यासोबत तिचे कुरडूही. खळ्यावर फरशी बसली की शेण लागत नाही आणि तणही उगवत नाही. हे सारे वाईटच आहे असे म्हणणे सोयीस्कर ठरेल. फरशीने कोणाच्या तरी कमरेचे दुखणे वाचवले आहे आणि काजूने कोणाच्या तरी मुलाची फी भरली आहे. समीक्षेचा मुद्दा वेगळा आहे. वस्तू गेली की तिचे नाव एक पिढी तग धरते, आणि नावही गेले की कविता फक्त वर पाहू शकते. तसेच नव्याने येणारे सामावून घेण्याची ताकदही या यादीत आहे, हे विसरू नये. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा अमेरिका खंडातला. कालिदासाने तो पाहिलाच नसणार. आज झेंडूवाचून दसरा होत नाही. ऋतूची यादी बंद केलेली पोथी नसते.

म्हणून या लेखातून निघणारी सूचना अगदी व्यवहारातली आहे. जिल्ह्यातल्या वाचनालयांनी आणि महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी माटवीची, नव्याची आणि दिवाळीच्या पहाटेची यादी गावोगाव लिहून घ्यावी : वस्तूचे नाव, ती कुठून आणली, कोणी आणली, त्या वर्षी ती कशी होती, आणि मिळाली नाही तर तिच्या जागी काय बांधले. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. सांगणाऱ्यांत बाजारात जुड्या विकणाऱ्या बायका पहिल्या असाव्यात. अशी पाच-दहा वर्षांची नोंद झाली तर वनस्पतिशास्त्राला ती उपयोगी पडेलच. पण मराठी लेखकाला तिच्यात एक शब्दकोश मिळेल आणि समीक्षकाला एक माप.

हा अंक हाती येईल तेव्हा किनाऱ्यावर गरवे भात अजून उभे असेल आणि सातवीण फुललेली असेल. चंद्र आपल्या जागी असेलच. कारीट मात्र आधी शोधून ठेवावे लागेल.